तेराव्या महिन्याची सही

उखर्डू पाटलाच्या मृत्युपत्रातून थोरल्या कौतिकला विहिरीजवळचं पाच एकर मिळालं. धाकट्या मगनला नाल्यापलीकडचं सात एकर, विहिरीविना. आई दोघांना मिळाली, सारखी. चैत्र थोरल्याकडे, वैशाख धाकट्याकडे, पुढे ओळीने फाल्गुनापर्यंत, असं एरंडोलच्या बॉण्डरायटरने वळणदार अक्षरात लिहिलं होतं. त्याखाली म्हाताऱ्याने एक ओळ मुद्दाम घालायला लावली होती: ‘ज्याच्या महिन्यात आईचं आजारपण निघेल, दवाखान्याच्या कागदावर सही त्याची आणि खर्चही त्याचा.’

आज जळगावला तो दवाखान्याचा कागद टेबलावर पडला होता. ऑपरेशनची संमती, छापील. सहीची जागा कोरी. त्याच्या शेजारी मृत्युपत्राची नक्कल, प्लॅस्टिकच्या पिशवीत. बाकावर भिकुबाई बसली होती, पदर छातीशी धरून. तिला टेकू देऊन तिची लेक कमल.

"थोरला मुलगा कोण?" डॉक्टर म्हणाले. "करा सही."

"डॉक्टरसाहेब, आमचं लिहिलेलं आहे," कौतिकने पिशवी पुढे सरकवली. "महिना माझा नाही."

"महिना?"

मगनने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बोट केलं. "ज्येष्ठ चालू आहे, साहेब. ज्येष्ठ भाऊचा."

"अधिक शे तो! धोंडा शे!" कौतिकचा आवाज चढला. "मना ज्येष्ठ आवसनंतर लागी. वैशाख तुना व्हता, तो आत्तेज सरना."

"सरना ना? मंग सरना! आन याना नाव ज्येष्ठज शे ना, भाऊ? अधिक राहो, नही ते उणा राहो."

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला.

बॉण्डरायटरने वर्ष बारा महिन्यांचं धरलं होतं. दोन साक्षीदारांसमोर कागद झाला, वाचून दाखवला गेला, माना डोलल्या. तीन वर्षांनी एकदा येणारा तेरावा कोणालाच आठवला नाही. नुसत्या खर्चाचा प्रश्न असता, तर निम्मं निम्मं करून मिटला असता. वाटणीला दोघे भाऊ चोख. पण म्हातारी ऑपरेशनच्या टेबलावरच गेली, तर सही कोणी केली होती, हे गाव वर्षानुवर्षं विचारणार. ते निम्मं करता येत नाही.

धोंडा लागला त्या सकाळी भिकुबाईने दोन लुगड्यांचं गाठोडं उचललं आणि कोणाला न विचारता वरणगावला कमलकडे गेली. धोंड्यात सासू जावयाला जेवायला बोलावते. इथे सासूच जावयाच्या ताटावर जाऊन बसली, म्हणून दोन्ही सुना तोंडाला पदर लावून हसल्या होत्या. पाचव्या दिवशी तिने लेकीला छातीतली गाठ दाखवली. म्हणाली, चार दिवस झाले.

"मी करते सही," कमल म्हणाली.

"तू गप बस!" दोघे भाऊ एकदम म्हणाले. सकाळपासून त्यांचं एवढ्याच गोष्टीवर एकमत झालं होतं.

"आज सही, उद्या हिस्सा," मगन पुटपुटला, पण सगळ्यांना ऐकू जाईल इतपत.

नर्स एक्स-रे घेऊन आली. डॉक्टरांनी तो खिडकीकडे धरला. बराच वेळ धरला. मग खाली ठेवला आणि बाकाकडे वळले.

"आजी, ही गाठ चार दिवसांची नाही. खरं सांगा, कधीपासून आहे?"

भिकुबाईने बोटांची पेरं मोजली. "तुळशीना लगीनफाइन."

"तुळशीच्या लग्नापासून," कमलने सांगितलं आणि आईकडे वळून पाहिलं.

"सहा-सात महिने! मग बोलला का नाहीत?"

म्हातारीला हा प्रश्न जरा खुळ्यासारखा वाटला असावा. तिने लहान मुलाला सांगावं तसं समजावून सांगितलं. "कार्तिक मगनना व्हता. त्याना घरमा बाळंतपन. मार्गसीर कौतिकना, तवय त्यानी हीरनी मोटर जयेल. पौषमा मगनना बैल गया. ज्याना महिनामा बोलसू, त्याना डोकावर. मन म्हने, धोंडा येऊ दे. धोंडा कोनाज नही."

वरचा पंखा कुरकुरत होता. बाहेर ऊन रणरणत होतं, तरी मगनने खिडकीपाशी जाऊन बाहेर पाहिलं.

डॉक्टरांनी छापील कागद हळूच आपल्याकडे ओढला आणि खणात टाकला.

"आता सही नको," ते म्हणाले. "छातीत पसरलंय. ऑपरेशन करून उपयोग नाही. घरी न्या. दुखण्याच्या गोळ्या लिहून देतो."

कौतिकने श्वास सोडला. तो कशाचा होता, हे कळायला त्याला एक क्षण लागला. कळलं तेव्हा त्याने पिशवी उचलली, मृत्युपत्राची नक्कल बाहेर काढली, आत घातली, पुन्हा काढली आणि पुन्हा घातली.

भिकुबाई मात्र कॅलेंडर न्याहाळत होती. तिला वाचता येत नव्हतं.

"कमल, धोंडा सराले कितला दिन शेत?"

"सतरा, माय."

तिने पुन्हा पेरं मोजली. एका हाताची बारा सरली, दुसऱ्या हाताची पाच लागली. हिशेब पटला तशी तिची मान हलली.

"घाबरू नको रे कौतिक," ती म्हणाली. "तुना महिना लागाना पहिले व्हई जाई."