जावयाची जिवंत भिंत

पुरात घर गेलं, तेव्हा आमच्या इंजिनिअर जावईबापूंनी आम्हाला छावणीतल्या त्यांच्या नव्या नमुन्याच्या खोलीत आणून ठेवलं. भिंती म्हणे अळंबीच्या आणि छपरावर शेवाळ. "आई, ही भिंत जिवंत आहे, श्वास घेते," हे सांगताना त्यांची छाती अशी फुगली होती, जशी काही ती भिंत त्यांनीच नऊ महिने पोटात वाढवली.

भिंत सुकू नये म्हणून तिच्यावर दोन्ही वेळेला पाणी शिंपडायचं, आणि तिला धूर सोसत नाही म्हणून आत शेगडी पेटवायची नाही. माझी सून पंधरा दिवसांची बाळंतीण. इथे आल्याच्या तिसऱ्या दिवशी नातवाची छाती घरघरायला लागली, तसा मी जावयाला फोन लावला.

"चुलीत घाला तुमची हुशारी. भिंतीवर हिरवी बुरशी चढलीय आणि बाळाला श्वास घेता येत नाहीये. आधी डॉक्टरीणबाई आणा."

"बुरशी? लगेच घेऊन येतो, आई," म्हणाले. आवाज कापत होता. म्हटलं, चला, थोडं तरी काळीज आहे माणसाला.

तासाभरात खरंच गाडी आली. पांढऱ्या कोटातल्या एक बाई हातमोजे चढवत आत शिरल्या आणि मागून पेटी धरून जावई. मी दुपट्यातलं बाळ पुढे केलं.

 

"याला आधी बाहेर न्या, आजी," बाई म्हणाल्या, "हा इथे खोकला तर भिंतीचा संसर्ग वाढेल."