ताणलेला दोर

दर रविवारी निवृत्त खलाशी आजोबा शाळेच्या हॉलमध्ये मुलांना नौदलाचे धडे फुकट द्यायचे. हॉल म्हणजे जहाज. जहाज धक्क्याला बांधतात तसा त्याचा दोर व्हरांड्यातल्या खांबापासून अंगणातल्या खुंटापर्यंत बांधायचा. समुद्र मात्र दिवसभराच्या वाटेवर.

एरवी जमिनीवर लोळणारा दोर आज ताठ होता.

"कोण ओढतंय रे?"

"कुणी नाही, आजोबा. सगळे आत रांगेत आहेत," खांबाशी उभी असलेली नात म्हणाली.

त्यांनी हात लावला. दोर थरथरत होता.

घंटा झाली. वर्ग संपला की दोर सोडायचा, हा शिरस्ता.

"सोडू?" नातीने विचारलं.

"सोड," सवयीने ते बोलून गेले.

गाठ सुटली. अंगणातला खुंट, झाड, मुलांना न्यायला आलेले आईबाप, सगळं सावकाश मागे सरकू लागलं. आईबाप हात हलवत होते.