तीन आडवे धागे

"वहिनी, हा तागा आजच बांगलादेशच्या गाडीत चढवायचाय," मेस्त्री नजर चुकवत म्हणाले.

बाराव्यानंतर ती आजच कामावर आली होती. काठावर खडूनं लिहिलं होतं : माग अकरा, सात तारीख. कापडात मधोमध तीन आडवे धागे नव्हते. सात तारखेला दुपारी तिचा नवरा त्याच मागावर कोसळला, तो उठलाच नाही. शेजारच्यानं धावत येऊन बटण बंद केलं, तोवर धोट्यातलं सूत संपून माग तीन फेऱ्या रिकामाच चालला होता.

वीस वर्षं ती असेच दोष बुजवत आली होती. तिनं सुई ओवली. एक धागा वर, एक खाली. डोळे कोरडेच होते.

मेस्त्रींनी कापड उजेडात धरलं. "कुठं होतं हो?"

तिनं बोट टेकवलं, जरा पुढं सरकवलं, पुन्हा मागं आणलं. तिलाही ती जागा सापडेना.