चौथं बोट

"सगळे गाइड मुठीने वाघाचे खोटे ठसे उमटवतात म्हणे," जीपमध्ये अंजू म्हणाली, तशी फगनी तिच्या अंगावरच गेली. "माझा बाबा तसला नाही."

शाळेची सहल होती आणि गाइड नेमका तिचा बाबा, बिसराम होता. लहानपणी अंगणातल्या धुळीत तो तिला मुठीने वाघाचा पंजा काढून दाखवायचा. लाकडं फोडताना त्याच्या उजव्या हाताचं एक बोट गेलं होतं. "तीन बोटांचा वाघ कुणी पाहिलाय? लाव तुझं बोट," तो म्हणायचा आणि चौथं बोट फगनी टेकवायची. पण तो घरातला खेळ होता.

तीन तास भटकूनही वाघ दिसेना. मुली कंटाळल्या, बाई कुरकुरायला लागल्या. "पुढे बघून येतो," म्हणत बिसराम उतरला आणि वळणाआड गेला. थोड्या वेळाने त्याने हात करून जीप बोलावली. "ताजा ठसा आहे बाई. आत्ताच गेलाय."

मुलींनी फोटो काढले. अंजूनेसुद्धा. फगनीने ऐटीत वाकून पाहिलं.


ठशाला बोटं तीनच होती.