डावा पाय

श्यामकांतनं दार आपटलं तेव्हा धाकूची चार बोटं चौकटीत होती.

धाकू लगेच ओरडला नाही. दार परत उघडलं, मग ओरडला. गाडी अमेरिकेहून आलेली, तिचं दार भारी. उजव्या हाताची बोटं सरळ होईनात.

"बोल, कुठं विकलंस तेल?"

"मिया चोरूक नाय, सायबानू. रवळनाथाशपत!"

श्यामकांतनं त्याच्या तोंडावर एक ठेवून दिली. नाकातून रक्त आलं. अंधेरीच्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये भर दुपारी हे चाललं होतं, आणि अनंत मेस्त्री गाडीखालून बाहेर येत होता.

श्यामकांत मारामारीचे सिनेमे काढायचा, आणि मारामारीचा सराव ड्रायव्हरवर करायचा. ही त्याची आठ सिलिंडरची लाडकी. हिला क्लच नव्हता, गिअर आपले आपण पडत. एरवी ती धाकू चालवी; रविवारी मात्र श्यामकांत स्वतः घोडबंदरच्या रस्त्यावर दोस्तांशी पैज लावून हाणायचा. आजही तिथूनच आला होता. महिन्यात तिसऱ्यांदा तिचा गिअरबॉक्स तापून धूर निघाला होता. धाकूनं चांगलं तेल विकून आत फडतूस तेल ओतलं, असा शोध श्यामकांतनं लावला होता. शोध लावायला त्याला पुरावा लागत नसे.

"मेस्त्री, लवकर बघ. मग याला चौकीवर देतो. मुंबईत पुन्हा कुणी याला गाडीला हात लावू देणार नाही."

अनंताला संताप आला. पण रागावून गाडी कळत नाही हे त्याला वीस वर्षांत कळलं होतं. त्यानं तेल मोजायची पट्टी ओढून नाकाशी धरली.

"तेल पुरेपूर आहे, साहेब. तेलही तेच, मीच भरलेलं. पण जळलंय."

"म्हणजे?"

"म्हणजे चोरी नाही. कशानं तरी जळतंय."

तेल थंड करणाऱ्या नळ्या त्यानं फुंकून पाहिल्या. साफ होत्या. चाकाला हात लावला आणि झटकन मागं घेतला. चाकं तव्यासारखी तापली होती. एक चाक जॅकवर उचलून त्यानं फिरवलं. गरगर फिरलं. म्हणजे ब्रेक अडकलेला नव्हता. गाडी पळत असताना कुणीतरी तो दाबून धरत होतं. त्यानं गाडी खाली उतरवली आणि जॅक बाजूला ठेवला.

"दोघांनी एकेक फेरी मारा. मी मागं उभा राहतो."

"यानं? या हातानं?" श्यामकांत हसला.

धाकू चढला. उजवा हात पोटाशी धरून, डाव्या हातानं स्टिअरिंग धरून त्यानं अंगणात गाडी फिरवली. गाडी जवळून गेली तेव्हा अनंतानं खिडकीतून आत पाहिलं. धाकूनं डावा पाय सीटवर दुमडून मांडीखाली घेतला होता, पानावर बसावं तसा. कोकणातला माणूस. ज्या पायाला काम नाही तो त्यानं उचलून ठेवला होता. गाडीचा मागचा ब्रेकचा लाल दिवा फक्त थांबताना लागला.

मग श्यामकांत बसला. त्यानं गाडी अशी उसळवली की अंगणातली कोंबडी उडाली. तीन फेऱ्या मारल्या. गाडी गुरगुरत होती, धूळ उडत होती आणि लाल दिवा एकदाही विझला नाही.

शेडच्या तोंडाशी येऊन त्यानं इंजिन बंद केलं आणि दार उघडलं. या गाडीचं स्टिअरिंग डावीकडं. त्याचा डावा पाय दाराशीच, अजून ब्रेकवर; मागचा दिवा अजून पेटलेला.

"काय, सापडलं?"

"सापडलं. तुमचा पाय."

"काय?"

"क्लचच्या गाड्यांची सवय, साहेब. डाव्या पायाला क्लच सापडत नाही, मग तो ब्रेकवर बसतो. उजवा पाय गाडी पळवतो, डावा धरून ठेवतो. मधल्यामधे गिअरबॉक्स जळतो. आता इंजिन बंद आहे, तरी बघा कुठं आहे पाय."

श्यामकांतनं खाली पाहिलं. पाय काढला मात्र नाही. मेस्त्रीच्या सांगण्यावरून पाय काढणं त्याला कमीपणाचं वाटलं.

"दहा वर्षं गाड्या पळवतोय मी."

"चोर सोडून संन्याशाला सुळी दिलीत," अनंत म्हणाला. आता त्याचा आवाज चढला होता. "त्याच्या बोटांचं काय?"

"बांध काहीतरी. तेल जळालं होतं की नाही? मग मला संशय आला, त्यात माझं काय चुकलं?" श्यामकांतनं धाकूकडं मान वळवली. "जा, चौकीवर देत नाही तुला. पण उद्यापासून येऊ नकोस. तुटक्या हाताचा ड्रायव्हर घेऊन मी काय करू?"

धाकू बाजूला ठेवलेल्या जॅकपाशी गेला, वाकला आणि जॅकचा लोखंडी दांडा उचलला. डाव्या हातानं. अनंताला ते दिसलं. त्याला दोन पावलांत धाकूला अडवता आलं असतं. तो हात पुसत उभा राहिला.

दांडा एकदाच खाली आला. डाव्या पायाचं हाड मोडल्याचा आवाज शेडभर ऐकू गेला, आणि मागून श्यामकांतची किंकाळी. तो सीटवर आडवा पडून गुरासारखा ओरडू लागला.

धाकूनं दांडा नीट जागेवर ठेवला.

"मेस्त्रीनू, मागे जावन बघा."

अनंत मागं गेला. लाल दिवा विझला होता.