वर्तमानपत्राचा कागद

दात घासता घासता मृण्मयीचा रोग ओळखणारा ब्रश जांभळा झाला. कॉलेजला निघायच्या आधी ती घराखालच्या औषधाच्या दुकानात डोकावली. तिचे बाबा, शिराळकर, नुकतेच उदबत्ती लावून गल्ल्यावर बसले होते.

"बाबा, ब्रशनं क्लॅमिडिया दाखवलाय. डॉक्टरांची चिठ्ठी तुमच्या स्क्रीनवर आली असेल बघा."

तिनं हे सर्दी झाल्यासारखं सांगितलं. शिराळकरांनी मात्र आधी दुकानात दुसरं कोणी नाही ना, ते पाहिलं. पूर्वी असं गुप्तरोगाचं औषध मागायला आलेली पोरं दुकान रिकामं व्हायची वाट बघत ताटकळायची. बरीचशी न मागताच परत जायची आणि दुखणं अंगावर काढायची. त्यांनी स्क्रीनवरची चिठ्ठी उघडली.

"तुझ्या त्या मित्राला सांगितलंस?" मग त्यांनी विचारलं.

"त्यानंच मला काल सांगितलं. त्याचा ब्रश आधी जांभळा झाला."

शिराळकरांना एकदम हायसं वाटलं. कधी न पाहिलेला तो पोरगा त्यांना आवडायलाच लागला. त्यांनी गोळ्या काढल्या, शेजारी कंडोमचं पाकीट ठेवलं आणि सवयीनं वर्तमानपत्राचा कागद फाडून सगळं गुंडाळायला घेतलं.

"बाबा, खोकल्याचं औषध कधी गुंडाळून देता का?"

शिराळकर ओशाळून हसले. कागद बाजूला ठेवून त्यांनी सगळं तसंच तिच्या हातात दिलं.

"जेवणानंतर घ्यायच्या," ते म्हणाले. "त्यालाही सांग. नाहीतर असं कर, आज त्याला जेवायलाच बोलाव."