मनगटावरची कातडी

यामिनी कुंटेने कारखानदार मुळगुंदची बेबी वाइप स्वतःच्या मनगटावर फिरवली. तिथे प्रयोगशाळेत वाढवलेली नवजात बाळाची कातडी बसवलेली होती. सरकारी तपासनीसांना ती सक्तीची होती. पाच मिनिटांत त्या कातडीवर फोड उठले.

“या रसायनाने बाळं भाजतील. मी नापास करतेय.”

मुळगुंदने दार लावलं, तिचा हात टेबलावर दाबून धरला आणि कटरने ती कातडी खरवडून काढली. यामिनी किंचाळत राहिली. कागद रक्ताने भिजले.

“पुरावा गेला, मॅडम,” तो धापा टाकत म्हणाला. “आता पास लिहा.”

“कातडीशिवाय माझी सही चालत नाही,” ती कण्हत म्हणाली. “नवी धरायला महिना लागेल. तोवर तुमचं एकही पाकीट बाहेर जाणार नाही. आणि महिन्याने तपासायला मीच येईन.”